आजाऱ्याचा चमचा

मुंबईच्या मिशन शाळेतून मी वर्ष अर्धवट टाकून घरी आले, तेव्हा माझ्या ट्रंकेच्या तळाशी एक लिफाफा होता. शाळेच्या डॉक्टरीणबाईंनी तो पपांच्या हातात द्यायला सांगितलं होतं. मी तो बोटीवरच फोडला. इंग्रजीत चार ओळी होत्या. मुलीच्या उजव्या फुप्फुसाबद्दल शंका आहे. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, पण एका तपासणीवर विसंबून राहू नये. तीन महिने समुद्राच्या हवेत ठेवावं आणि तिची भांडी वेगळी ठेवावीत. पावसाळ्यात बोटी बंद होण्यापूर्वी पुन्हा तपासणीला पाठवावं.

रत्नागिरीच्या बंदरात बोट लांब उभी राहिली आणि आम्ही उतारू पडावातून किनाऱ्याला आलो. पपा छत्री घेऊन उभे होते. शेजारी माझी तेरा वर्षांची बहीण उड्या मारत होती. "मुंबईची मड्डम आली," ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. मी तोंड बाजूला वळवलं. पपांनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हटलं, "अशक्तपणा आहे. हवापालट सांगितली आहे." लिफाफा ट्रंकेतच राहिला.

तो तेव्हाच का दिला नाही, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. क्षय हा शब्द घरात आला की पुढे काय होतं हे मी पाहिलं होतं. बाजारपेठेतल्या एका घरातल्या सुनेला असं झाल्यावर त्या घरचं पाणीसुद्धा लोकांनी टाकलं. तिच्या नणंदांची लग्नं अडली. आमच्याकडे दोन मुली होत्या.

पपा आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. मंडळी लहान, वीसेक घरांची. चिऱ्याच्या भिंतींचं छोटं देऊळ आणि त्याला लागून आमचं घर. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. आदल्या दिवशी आई मनुका भिजत घालून, उकळून त्यांचा रस काढायची, कारण पपांना दारू देवळात चालत नसे. रस एका चांदीच्या प्याल्यात ओतला जायचा आणि तो एकच प्याला बाकांवरून हातोहात फिरायचा. प्रत्येकाने एक घोट घ्यायचा, कडा पांढऱ्या फडक्याने पुसायची आणि पुढच्याला द्यायचा. शेवटी उरलेला रस पपा स्वतः पिऊन टाकत. तो फेकायचा नाही, असा नियम होता.

बसण्याचाही नियम होता. बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर एक म्हातारी बसायची. ती गावाबाहेरच्या वस्तीतली. रानातून मोळ्या आणून विकायची. गावात तिला कुणाच्या ओसरीवरसुद्धा चढू देत नसत. माझे आजोबा उच्च जातीतून ख्रिस्ती झाले होते. त्यांनी ठरवून टाकलं होतं की आमच्या घरची माणसं त्या वस्तीतल्या माणसांनंतरच पितील. त्यांच्या आईने ते जिवंत असतानाच त्यांच्या नावाने अंघोळ केली ती याच प्याल्यासाठी. पपांनी तो नियम पुढे चालवला. अपवाद एकच: आई पेटीवर बसे, म्हणून तिला आधी दिलं जाई. त्यामुळे म्हातारीनंतर पिण्याची जागा माझी होती.

शाळेत आमच्या शास्त्राच्या मिसबाईंनी आम्हाला एकदा इस्पितळात नेऊन सूक्ष्मदर्शक दाखवला होता. निळ्या रंगावर लाल काड्या दिसत होत्या, अगदी बारीक, दोऱ्याचे तुकडे विखुरल्यासारख्या. क्षय म्हणजे या काड्या, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना तिथेच, टेबलाभोवती डोळे मिटायला लावले आणि ज्याची ती थुंकी होती त्या अनोळखी माणसासाठी प्रार्थना केली. प्रार्थना झाल्यावर कार्बॉलिकच्या साबणाने हात धुवायला लावले. त्यांना या दोन गोष्टींत काही विरोध दिसत नव्हता. शाळेच्या चॅपेलमध्ये प्रभुभोजनाला प्रत्येकीला काचेचा वेगळा, अंगठ्याएवढा प्याला मिळायचा.

घरी आल्यावर एकदा जेवताना मी ते चिमुकले प्याले पपांना सांगितले. सहज सांगितल्यासारखं केलं.

"छान दिसत असतील," पपा म्हणाले. "पण मग कोण कोणाच्या आधी प्यायलं हे कसं कळणार?"

"ते कळायची काय गरज?"

"मुंबईत नसेल. इथे आहे."

मी म्हटलं, "मिसबाई म्हणतात, तोंडाला लागलेल्या भांड्यातून रोग जातो."

"मोठ्या युद्धानंतर तापाची साथ आली, तेव्हा मी याच प्याल्याने घरोघरी प्रभुभोजन दिलं," पपा म्हणाले. "उरलेलं रोज मी प्यायलो. मला शिंकसुद्धा आली नाही. तुझ्या मिसबाईंनी ऐकलेलं सांगितलं. मी पाहिलेलं सांगतोय."

पपांनी स्वतःचं पाहिलं होतं, पण त्या साथीत मंडळीतली जी चार माणसं गेली त्यांच्याआधी प्याला कुणाच्या तोंडाला लागला होता, हे कुणी पाहिलं नव्हतं. हे मला बोलता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या लाल काड्या प्याल्याच्या कडेवरून चालत गेलेल्या मीही पाहिल्या नव्हत्या. मी मिसबाईंच्या शब्दावर विश्वास ठेवत होते.

मार्चच्या पहिल्या रविवारी म्हातारीने प्याला माझ्याकडे दिला, तेव्हा मी ओठ घट्ट मिटून तो कलता केला. रस ओठांना लागला, आत गेला नाही. फडक्याने मी कडा इतक्या वेळा पुसली की म्हातारी वळून बघायला लागली. मग प्याला मागच्या बाकावर गेला, तिथून पुढे, आणि शेवटी पपांच्या हातात. त्यांनी मान मागे टाकून उरलेला रस संपवला. मी त्यांच्या गळ्याची हालचाल पाहत होते.

तो महिना मी लोकांचं खोकणं मोजण्यात घालवला. संध्याकाळी तरीच्या होडीतून खाडी ओलांडून भाट्याच्या पुळणीवर, वाळूत, फिरायला जायचे, खोल श्वास घ्यायचे आणि छातीत काही टोचतं का ते बघायचे. माझी थाळी आणि पेला मी स्वतः घासून वेगळ्या फळीवर ठेवायला लागले. बहीण चिडवायची, "ताईला आमच्या पेल्यातलं पाणी गोड लागत नाही." दोन भीती माझ्यात एकमेकींशी भांडत होत्या. एक म्हणे, तू त्यांना रोग दिलास. दुसरी म्हणे, प्रभूच्या प्याल्यातून रोग जातो असं तुला वाटतं, म्हणजे तुझा विश्वास कुठे आहे? मी प्रार्थनेला बसले की दोघी एकदम बोलत.

ईस्टरला, एप्रिलच्या पहिल्या रविवारी, बहिणीचं पहिलं प्रभुभोजन होतं. तिच्यासाठी आईने पांढरा झगा शिवला. तिची जागा माझ्या पलीकडे ठरली. म्हणजे म्हातारीनंतर मी आणि माझ्यानंतर ती.

मी पपांना म्हटलं, "मी शेवटी बसू का?"

"का?"

शेवटी बसूनही उपयोग नव्हता, हे मला बोलता बोलताच उमगलं. शेवटच्यानंतर पपा होते.

ईस्टरच्या सकाळी देऊळ भरलं होतं. म्हातारीने घोट घेतला, कडा पुसली आणि प्याला माझ्या हातात दिला. मी तो ओठांकडे नेलाच नाही. तसाच बहिणीला दिला. तिने दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून प्यायली. ती आनंदात होती. मी समोर पाहिलं तर पपा माझ्याकडे बघत होते. आईची पेटी एका सुरावर अडकली होती.

आमच्यात प्याला न घेणं म्हणजे कबुली. ज्याच्या मनावर मोठं पाप आहे तोच प्याला न पिता पुढे देतो. आणि मुंबईहून मध्येच घरी आलेल्या तरुण मुलीच्या पापाचा अर्थ सगळ्यांना एकच लागतो. जेवणं झाल्यावर आईने मला स्वयंपाकघरात थांबवलं. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली पोटाकडे गेली आणि परत वर आली.

"मला काही सांगायचंय का तुला?" ती म्हणाली.

"तसं काही नाही, आई."

"देवाशप्पथ?"

"देवाशप्पथ."

ती तिथेच पाटावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मी तेव्हाच लिफाफा आणायला हवा होता. पण एका भीतीतून ती नुकती सुटली होती.

दोन दिवसांनी म्हातारीची मोळी यायची होती. ती नेहमी मागच्या पडवीत येऊन मोळी टाकायची, आईच्या हातचा चहा प्यायची, बहिणीची थट्टा करायची. त्या दिवशी हाक आली नाही. मी बाहेर गेले तर मोळी फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला ठेवलेली. म्हातारी निघून गेली होती.

मला आधी काही कळेना. मग उमगलं. तिने प्याला माझ्या हातात दिला होता. तिच्या तोंडचा प्याला मी ओठाला लावला नव्हता. आणि त्याआधी, मार्चमध्ये, तिच्या देखत मी कडा पुसत बसले होते. घरात मी भांडी वेगळी ठेवते हे बहिणीने तिला हसत सांगितलं असणार. लोकांनी माझ्यात पाप पाहिलं. तिने जात पाहिली. आजोबांनी मोडलेली गोष्ट पाळकाच्या मुंबईत शिकलेल्या मुलीने पुन्हा चालू केली, असं तिला वाटलं आणि ती मुकाट्याने फाटकाबाहेर गेली, जिथे तिला सगळं गाव ठेवतं.

मी लिफाफा घेतला आणि तिच्या वस्तीकडे निघाले. ती खोपीबाहेर कोयत्याने फाटे तोडत होती. मला पाहून थांबली नाही.

"मावशी, मोळी बाहेर का ठेवलीस?"

"कुठं ठेवू? तुमचं घर बाटंल."

"मावशी, तुझ्यामुळे नाही."

"मग कुणामुळं गो? माझ्या आधी कोन पितो, पेटीवाली तुझी आईस. तिचं उष्टं तुला चालतं." ती फाटा पायाखाली धरून म्हणाली. "मी काय रडत न्हाय. शिकली-सवरलेली पोर, तुला किळस येनारच. पन तुझ्या आजानं मला हाताला धरून त्या बाकावर बसवलानी होती. त्याची याद आली, एवढंच."

मी म्हटलं, "मला क्षय असेल. नक्की नाही, पण असेल. म्हणून मी प्यायले नाही. माझ्यानंतर धाकटी होती."

कोयता थांबला. मी लिफाफा पुढे केला, जणू तिला इंग्रजी वाचता येत होतं. तिने तो हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि परत दिला.

"बापाशीला ठाव हाय?"

"नाही. तुलाच पहिल्यांदा सांगते आहे."

"शानीच हायस," ती म्हणाली. "मला सांगून काय व्हनार? मी काय डाक्टर हाय?" मग कोयता बाजूला ठेवत, "बस. उभी किती राशील. तोंड तिकडं करून बस, वारा जातो त्या बाजूला." मी बसले. तिने विचारलं, "आमच्या इथला कोन आजारी पडला का तुझा बापूस चमचा घेऊन येतो. त्यातनं रस देतो, वरून, ओठ न लावता. तो चमचा तुला न्हाय का चालत?"

आजाऱ्याचा चमचा. लहानपणापासून मी तो पपांच्या पिशवीत पाहत होते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तो होता. देवळात तो कधी निघाला नव्हता, कारण देवळात येणारा माणूस आजारी नाही असं धरलं जायचं. मुंबईतले काचेचे प्याले मला आठवले, आणि आमच्याच कपाटातला चमचा आठवला नाही.

"तो बाहेर काढला की सगळ्यांना कळेल," मी म्हटलं.

"कळंल," ती म्हणाली आणि पुन्हा फाटे तोडायला लागली.

त्याच दुपारी मी पपांना लिफाफा दिला. ते प्रवचन लिहीत होते. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढला.

"मार्चमध्ये तू प्यायली होतीस."

"ओठ लागले होते. मी पुसलं होतं."

"आणि उरलेलं मी घेतो, हे तुला माहीत होतं."

"हो."

साथीची गोष्ट ते पुन्हा सांगतील असं मला वाटलं. त्यांनी सांगितली नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर बहीण विहिरीवर गाणं म्हणत होती. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात प्रभुभोजन झालं की त्याच आठवड्याच्या बोटीने मी तुला मुंबईला घेऊन जाईन." उठून त्यांनी कपाटातल्या पिशवीतून चमचा काढला, स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हणाले, "हा उकळत्या पाण्यात टाक. विचारू नकोस, मी सांगतो." मग त्यांनी तिला सांगितलं.

मेच्या पहिल्या रविवारी प्याला आमच्या बाकाशी आला, तेव्हा पपा त्याच्यामागे चालत आले. त्यांच्या हातात चमचा होता. देवळात कुजबुज थांबली. मी मान खाली घातली.

"पाळकसाहेब," म्हातारी मोठ्याने म्हणाली, "माझा घसा धरलाय. मला चमच्यानंच घाला. आधी मला."

पपांनी चमचा प्याल्यात बुडवला आणि तिच्या उघड्या तोंडात उंचावरून रस सोडला. त्याच चमच्याने मग माझ्या तोंडात. मी तिच्यानंतर प्यायले. चमचा त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि प्याला माझ्या बहिणीच्या हातात दिला. लोकांना काय वाटलं कोण जाणे. म्हातारीला खोकला झालाय असंही काहींना वाटलं असेल. ती माझ्याकडे न बघता खरोखरच दोनदा खोकली, आणि ते खोकणं इतकं खोटं होतं की एरवी मला हसू आलं असतं.

शेवटचं गीत सुरू झालं. दोन दिवसांनी बोट होती. आईने पेटीचा भाता ओढला, सगळे उभे राहिले. बहीण वरच्या पट्टीत गात होती. तिसऱ्या ओळीला तिला ठसका लागला.

मी दचकून वर पाहिलं. वेदीपाशी पपांनीही गाणं थांबवून वर पाहिलं होतं. बहिणीने घसा साफ केला आणि पुढची ओळ उचलली. आम्ही दोघं मात्र गाण्यात परत आलो नाही. ती पुन्हा खोकते का, ते ऐकत उभे राहिलो.