माझ्या सहीनं पास झालेली गाडी

मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि माझं आजवरचं लिखाण म्हणजे परीक्षेच्या उत्तरपत्रिका आणि कारखान्यातले तपासणीचे तक्ते. अशा माणसानं आठवणी लिहाव्यात हा आगाऊपणा आहे, त्याची आधीच माफी मागतो. पण त्यातला एक तक्ता मी खोटा लिहिला, आणि त्याचं पुढं काय झालं ते मला गेल्या महिन्यात कळलं. आमच्या गावी, शेलूबाजारला राहिलेल्यांनी आणि तिथून माझ्यासारखे निघून आलेल्यांनीही ते वाचावं असं वाटतं.

मी गाव सोडलं त्याच्या पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. मी निघालो शेठजींच्या ट्रकमधून. शेठजींचं चौकात धान्याचं दुकान होतं आणि माझा मोठा भाऊ दिगंबर त्यांच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. तुरीची पोती अकोल्याच्या दालमिलला जायची होती, मला अकोल्याहून पुण्याकडची रेल्वे धरायची होती. आईनं फडक्यात भाकरी आणि जवसाची चटणी बांधून दिली. बाबा ट्रकच्या फळीला हात लावून उभे होते. ते एवढंच म्हणाले, "तिकडं कोणी पुसलं त सरळ सांगजो. भेवाचं नाई."

मेडशी गाव मागं पडलं की उताराचा घाट लागतो. अर्ध्या घाटात रस्त्याला एक रुंद जागा आहे. दादानं तिथं ट्रक उभा केला, चाकाखाली दगड लावला आणि वाकून चाकाच्या आतल्या ब्रेकच्या ड्रमवर थुंकला. चर्र आवाज झाला. दादा उठला आणि शांतपणे पळसाखाली जाऊन बसला.

मी रडकुंडीला आलो. "दादा, माही रेल्वे चुकते."

"चुकू दे. रेल्वे दुसरी येते. आपण येतो का दुसरे?"

दोनदा थुंकून पाहिलं. तिसऱ्यांदा आवाज आला नाही तेव्हा आम्ही निघालो. रेल्वे चुकली. रात्र फलाटावर काढली, आणि मी दादावर मनातून चिडून होतो. पुढे कॉलेजात कळलं की ड्रम फार तापला की ब्रेकची पकड सुटत जाते. पुस्तकात त्याची एक वाकडी रेघ काढलेली होती. ती रेघ मी पाठ केली, पण ती दादाची थुंकी आहे हे काही माझ्या मनात आलं नाही.

पुण्यात पहिलं वर्ष 'मले' म्हटलं की बाक हसायचे. दुसऱ्या वर्षापासून मी 'मला' म्हणू लागलो. नोकरी लागली ती एका मोटार कारखान्याच्या चाचणी विभागात. टेरिलीनचा शर्ट, हातात स्टॉपवॉच, कँटीनची कुपनं. वाळूची पोती भरलेल्या गाड्या दिवसभर पळवायच्या, थांबवायच्या, लिहून घ्यायचं. मी घरी पत्र लिहायचो तेव्हा गावाला हे कसं सांगावं कळत नसे. ते पत्र शाळेतले गुरुजी बाबांना वाचून दाखवायचे. बाबांना वाटायचं मी ड्रायव्हरच झालो, फक्त शिकलेला.

आमच्या विभागाच्या साहेबांना शर्यतींचा नाद होता. शहराबाहेर एका जुन्या धावपट्टीवर कधी रविवारी साध्या, रस्त्यावर धावणाऱ्या मोटारींची शर्यत व्हायची. साहेब स्वतःची मोटार त्यासाठी तयार करत. तिचे ब्रेक ते लागोपाठ तापवून तापवून तपासायचे, स्वतः रांगत जाऊन ड्रम बघायचे. म्हणायचे, "चार लोकांदेखत गाडी थांबली पाहिजे." मी त्यांच्या शेजारी स्टॉपवॉच घेऊन उभा असायचो, आणि मला ते थोर वाटायचे.

आणीबाणी उठली त्या वर्षी कारखान्यानं एक छोटा टेम्पो काढला, खेड्यापाड्यातल्या व्यापाऱ्यांसाठी. त्याच्या ब्रेकची चाचणी माझ्याकडे आली. नियम असा की पूर्ण ओझं घालून वीस वेळा लागोपाठ, ड्रमला गार व्हायला वेळ न देता, गाडी थांबवायची. बाराव्या वेळेला पेडल खाली खाली जाऊ लागलं आणि गाडी खुणेच्या पट्ट्याच्या कितीतरी पुढे जाऊन थांबली. मी खाली उतरलो. ड्रमवर थुंकावं असं वाटलं, पण साहेबांसमोर थुंकायची लाज वाटली. साहेबांनी हातात दिलेल्या कपातला थोडा चहा ड्रमवर सांडला. चर्र.

साहेबांनी ते पाहिलं आणि हसले. "चला, आणखी एकेक चहा घेऊ."

आम्ही चहा घेतला. तेरावी वेळ नीट झाली. पुन्हा चहा. अशी ती चाचणी संध्याकाळपर्यंत चालली आणि वीसही वेळा गाडी पट्ट्याच्या आत थांबली. बारावी पुन्हा घेतली होती. तक्त्यात 'लागोपाठ' असा शब्द छापलेलाच होता, फक्त त्यापुढं खूण करायची होती.

मी पेन हातात धरून थांबलो. साहेब म्हणाले, "अरे, हा टेम्पो सपाट भागात चालणार. तुझं वऱ्हाड तर सगळं सपाट ना? घाट आहेत का तिकडं?"

मी म्हणालो, "नाही साहेब. सपाटच आहे."

मला कोणी धमकावलं नव्हतं. नोकरी जाणार नव्हती. साहेबांना खोटं पाडायचं नाही म्हणून, आणि त्यांनी मला 'अरे' म्हटलं त्याचं बरं वाटलं म्हणून, मी मेडशीचा घाट नाही म्हणालो. खूण केली. खाली माझं नाव टाइप केलेलं होतं, पहिल्यांदाच. त्यावर सही केली. त्याहून जास्त किळस येते ती पुढच्या गोष्टीची. त्याच आठवड्यात मी घरी कार्ड टाकलं: "माझ्या सहीनं नवी गाडी पास झाली."

पास हा शब्द आमच्याकडे फार मोठा आहे. मी मॅट्रिक पास झालो तेव्हा बाबांनी चौकात पेढे वाटले होते. पास झालेला माणूस पुन्हा नापास होत नाही, तसंच गाडीचं असणार. महिन्याभरात गुरुजींच्या अक्षरात बाबांचं पत्र आलं. शेठजींनी जुना ट्रक विकून तोच टेम्पो घेतला, आपल्या गावच्या पोरानं पास केला म्हणून. नारळ बाबांच्या हातून फोडला. दिगंबरच चालवणार.

त्या दिवसापासून कँटीनचा चहा मी घेत नाही. मी दादाला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. ती गुरुजी वाचणार, बाबा ऐकणार. शेवटी लिहिलं ते इतकंच, "घाटात जपून." जणू हे त्याला माझ्याकडून शिकायचं होतं.

चार महिन्यांनी कळलं की दादानं टेम्पो सोडला आणि शेठजींकडेच हमाली करतो. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग लाज वाटली, आणि ती माझी नव्हे, त्याची. खोलीतल्या मित्रांनी विचारलं तर मी सांगायचो, भाऊ ट्रान्सपोर्टमध्ये आहे. दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्याच्या मानेवर पोत्याचा घट्टा पडलेला होता. मी विचारलं, "गाडी कायले सोडली?" त्यानं माझ्या शर्टाचं कापड बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाला, "लय मऊ हाये रे."

गेल्या महिन्यात शेठजींचा पुतण्या पारस पुण्यात आला. कँटीनमध्ये माझ्यासमोर बसला, दोन चहा मागवले. त्याला दुसरा टेम्पो घ्यायचा होता, तसाच.

"काका म्हणे, पयले तुमाले भेटून ये. तुमी पास केलेलाच पाह्यजे."

मी दादाबद्दल विचारलं. पारस हसला. "वाईट वाटून घेऊ नका भाऊ, पण तुमचा दिगंबर लय कामचुकार झाला. टेम्पो आला तसा रोज अर्ध्या घाटात घंटा घंटा बसून राहे. काकानं म्हटलं, तुह्याच भावानं पास केली ना गाडी, मंग थांबतं काहून? त म्हणे, गाडीत काई खोट नाई शेठजी, माह्याच पायात दम नाई राह्यला. अन् किल्ली ठेवून देली. काकानं दया करून हमालीवर घेतलं, त तिथंबी तेच."

माझ्या समोरच्या चहावर साय धरली होती. बाबांचं फळीवर हात ठेवून बोललेलं वाक्य मला आठवलं. इतक्या वर्षांत मला कोणी सरळ विचारलं तेच मुळी एकदा, साहेबांनी, आणि तेव्हा मी माझं गाव सपाट करून टाकलं होतं. घर म्हणजे काय असं आता कोणी विचारलं तर मला घराचं दार आठवत नाही. अर्ध्या घाटातली ती रुंद जागा आठवते.

"पारस," मी म्हणालो, "दुसरा घेऊ नका. तो टेम्पो पास नव्हता झाला. ब्रेक गरम झाले का धरत नाईत. मी खोटी सही केली." पुण्यात कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून गावाची बोली निघाली. "दादाले पयल्या दिवशीच समजलं असन."

कप पारसच्या हातातच होता.

"म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "टेम्पो भरते तोच ना आता. रोज. अर्धा भरला का खाली बसते. काका शिव्या देते, दुसरे हमाल हसतात, अन् तो म्हणते, माह्या कमरेत दम नाई, याच्यावर एक पोतं टाकन नाई अन् कोणाले टाकू देन नाई. डायवर तेवढंच घेऊन घाट उतरते."

त्यानं कप खाली ठेवला.

"आमी त त्याले आळशी म्हणून राह्यलो, भाऊ."