तांदळातलं नाव

माझ्याकडे एक प्रतिज्ञापत्र आहे. कराडला मुद्रांकावर करून घेतलेलं, आता घड्यांवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं. त्यात लिहिलं आहे की अमुक नावाची मुलगी आणि तमुक नावाची बाई या दोन्ही एकच व्यक्ती आहेत. लॅब टेक्निशियनची पदविका पहिल्या नावावर, पासपोर्ट दुसऱ्यावर. कुवेतमध्ये आल्यापासून नोकरी, परवाना, इकामा म्हणजे इथे राहायची परवानगी, अशा प्रत्येक कामाला खिडकीपाशी उभं राहून मी हा कागद पुढे केला आहे. एका कारकुनाने तो उलटसुलट बघून विचारलं होतं, "मग तू यातली कोणती?" मी म्हटलं, "पगार जिच्या नावावर येतो ती."

दुसरं नाव माझ्या नवऱ्याने लग्नानंतरच्या लक्ष्मीपूजनात, तबकातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने लिहिलं. निवडलं मात्र त्याने नव्हतं. त्याच्या थोरल्या बहिणीने, माझ्या वन्संनी, त्याच्या हातात चिठ्ठी दिली होती. तो चिठ्ठीत बघून बघून लिहीत होता आणि मी शेजारी बसून वाचत होते. आवडलं का, असं कुणी विचारलं नाही. महिन्याभरात वन्संनीच जाऊन ते रेशनकार्डावर चढवलं, रेशनकार्डावरून ते पासपोर्टात गेलं, आणि एका बाईच्या दोन बायका झाल्या.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा वन्सं वाईहून कुवेतला आल्या. पिशवीत भाजणी, मेतकूट, आणि पाकिटात घडी घातलेली चिठ्ठी.

सून गोव्याच्या ख्रिश्चन घरातली. जन्म, शाळा सगळं कुवेतमध्ये. एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. नाव मेलनी. दोन्ही घरांची संमती होती, लग्नाची नोंदणी झालेली होती. शुक्रवारी आमच्या सालमियातल्या फ्लॅटवर लक्ष्मीपूजन आणि तीस माणसांचं जेवण, एवढंच उरलं होतं. सोमवारी नाश्त्याला वन्संनी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"तीन नावं काढून आणलीत. गुरुजींना पत्रिका दाखवली. तिची नाही म्हणून ह्याचीच दाखवली."

"तिला नाव आहे, वन्सं."

"आहे ना. पण त्याला अर्थ काय? आणि हाक कशी मारायची मी? ए मेले?"

मुलगा चहात हसला. तो शुऐबा भागातल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, सकाळी सहाला बस पकडतो, त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

"हसतोस काय? तुझं नाव शोधायला तुझ्या आत्याने आठ दिवस घातलेत. अर्थ नसलेलं नाव म्हणजे पाटी नसलेलं दुकान."

"कागदपत्रांचं काय?" मी विचारलं.

"कागदावर राहू दे की तिचं ते. घरापुरतं बदलू."

"माझंही घरापुरतंच होतं. मग रेशनकार्डावर कोण लिहून आलं?"

वन्सं भाकरीला तूप लावत राहिल्या. नवरा उठून गाडी पुसायला गेला. आमच्याकडे ती आठवड्यातून एकदा पुसली जाते, त्या आठवड्यात चार वेळा पुसली गेली.

संध्याकाळी मी सुनेलाच विचारलं. आम्ही दोघी राई भागातल्या एका शोरूममध्ये कपाट बघायला गेलो होतो. ती माझ्याशी हिंदीत बोलते, मध्येच मराठी घालते.

"आंटी, आप जो बोलो. घर में बुलाने के लिए ही है ना?"

मी पर्समधून प्रतिज्ञापत्र काढून तिच्या हातात दिलं. कपाटाच्या उघड्या दाराला टेकून तिने ते दोनदा वाचलं. किती वर्षं हे बरोबर ठेवता, असं विचारलं. मी सांगितलं, लग्नापासून, सत्तावीस. तिने कागद नीट घडी करून परत दिला.

"तो फिर नहीं. मला माझं नाव पाहिजे."

मला एवढंच हवं होतं. आल्या आल्या नवऱ्याच्या आत्याशी तिने भांडावं अशी माझी अपेक्षा नव्हती. भांडायचं ते मी. पण वन्संशी भांडून कुणी जिंकत नाही, त्यांचा मुद्दाच काढून घ्यावा लागतो. मुद्दा एकच होता: नावाला अर्थ नाही.

आमच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक लेबनीज बाई बसते. बैरूतला फ्रेंच नन्सच्या शाळेत शिकलेली, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. तिचं नाव जॉर्जेट. पहिल्या दिवशी ते ऐकून मी तिला सांगितलं होतं की माझ्याकडे तुझ्या नावाच्या चार साड्या आहेत. तिला ते इतकं आवडलं की एक साडी तिला द्यावी लागली. मंगळवारी डबा खाताना मी तिला फ्रेंच नावांचे अर्थ विचारले.

"कुणाला हवेत?"

"माझ्या नणंदेला."

"म्हणजे भांडण आहे," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून घेतली.

तिने आधी स्वतःचंच सांगितलं. जॉर्जेट म्हणजे शेतकरीण. मूळ शब्द ग्रीक, जमीन कसणारा. फ्रेंचांनी त्याला बाईचं रूप दिलं. कापड त्या नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या फ्रेंच बाईवरून आलं म्हणतात. मला मजा वाटली. आमच्याकडच्या बायका शेतातून सुटका झाल्याची खूण म्हणून जॉर्जेट नेसायच्या.

मग ती आमच्याच क्लिनिकमधल्या बायका एकेक करून घेऊ लागली. औषधांच्या खिडकीवरची डेनिस दारूच्या देवाच्या नावाची, आणि राहते कुवेतमध्ये, जिथे थेंब मिळत नाही. एक्स-रेतली क्लेअर म्हणजे स्वच्छ, उजळ, आपली विमल. फिलिपिनो नर्स डेझिरे म्हणजे जिची इच्छा धरली होती ती. इथे माझा घास थांबला. माझ्या आईच्या गावात पाठोपाठच्या तिसऱ्या मुलीचं नाव नकुशी ठेवायचे. माझ्या वर्गात एक होती. मी जॉर्जेटला ते सांगितलं. तिने माझ्या डब्यातलं वांगं घेतलं.

"आणि मेलनी?"

"काळी," ती म्हणाली. "तेही ग्रीकच. सावळी, काळी. फ्रेंचांकडे मेलानी झालं, तिथून इंग्रजांकडे गेलं. हबीब्ती, हे तुझ्या नणंदेला आवडणार नाही."

मलाही वाटलं, संपलं. अर्थ नव्हता तेच बरं होतं. उरलेला दिवस मी नमुन्यांच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावत काढला. नाव, बताक्याचा म्हणजे ओळखपत्राचा नंबर, तारीख. नाव चुकलं तर दुसऱ्याचं रक्त त्याच्या नावावर जातं, म्हणून मी प्रत्येक नाव मनात वाचते. तिसऱ्या का चौथ्या ट्रेला एक नाव आलं, हैदराबादकडच्या कुणा बाईचं: कृष्णवेणी. मी नळी खाली ठेवली आणि स्वतःशीच हसले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मला वन्संशी बोलायला घरी पोचायची घाई झाली.

त्या स्वयंपाकघरात पुरणाची डाळ निवडत होत्या. अंगावर जॉर्जेटच.

"मेलनीचा अर्थ मिळाला, वन्सं."

"काय?"

"काळी."

त्यांनी डाळ निवडणं थांबवलं नाही. "बघ. आणि तू म्हणतेस तेच ठेवा. सुनेला कुणी काळे म्हणून हाक मारतं?"

"तुमच्या आईला काय म्हणायचे?"

आता हात थांबला.

माझ्या सासूबाई कृष्णाबाई. जन्माला आल्या त्या काळ्या, म्हणून कृष्णा. शिवाय घर नदीकाठचं. त्या मी लग्न होऊन आले तेव्हा होत्या, पुढे सहा वर्षं. त्यांच्याबद्दल एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण ती सांगायचा हक्क लेकीचा होता.

"आजीने तिचं नाव गौरी ठेवलं होतं," वन्सं म्हणाल्या. "तांदळात. काळी सून आली म्हणून नावाने तरी गोरी करायची."

"मग?"

"मग काय. गौरी म्हणून हाक मारली की आई यायचीच नाही. ऐकूच आलं नाही म्हणायची. दोन दिवाळ्या झाल्या आणि आजीच कंटाळली. जाईपर्यंत कृष्णाबाईच होती ती." त्यांनी एक खडा शोधून बाजूला टाकला. "तुला का नाही सुचलं हे?"

"काय?"

"ऐकू न येणं."

"मला ऐकू येतं हाच माझा दोष," मी म्हटलं. त्या हसल्या. डाळीत बोटं फिरवत बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, "तिला सांग, पुरण वाटायला ये म्हणावं. कृष्णाबाईला."

"मेलनीला."

"तेच ते."

शुक्रवारी हॉलमधला सोफा आतल्या खोलीत गेला. तबकात तांदूळ पसरले, मुलाने अंगठी हातात घेतली. तो इथल्या शाळेत शिकला, देवनागरी त्याची पाहुण्यांसारखी, अधूनमधून येणारी. आदल्या दिवशी त्याने मैदा पसरून सराव केला होता. सगळे वाकून बघत होते. सुनेचे आईवडील पुढे, जॉर्जेट माझ्या साडीत त्यांच्या मागे, आणि वन्सं मुलाच्या अगदी खांद्याशी. नवऱ्याकडे बघितलं तर तो माझ्याकडे बघत होता. चिठ्ठी त्याच्या बहिणीच्या पाकिटातच होती. मुलाने हळूहळू लिहिलं, आणि अंगठी उचलणार तोच वन्संनी त्याचं मनगट धरलं.

मी एक पाऊल पुढे झाले.

"दुसरी वेलांटी," त्या म्हणाल्या. "शेवटचं अक्षर दीर्घ. नाव लिहितोयस तर नीट लिही."

त्याने वेलांटी पुसून दुसरी काढली. पेढे वाटले. वन्सं फोन घेऊन खिडकीपाशी गेल्या आणि वाईच्या घरी ओरडून सांगू लागल्या, "मेलनी. अगं मे-ल-नी. म्हणजे आपली कृष्णा. हो, फ्रेंच आहे."

तांदूळ मी दुसऱ्या दिवशी मसालेभाताला घेतले.

दोन महिन्यांनी सुनेच्या इकाम्याचं नूतनीकरण आलं. मी सवयीने फाइल काखेत मारून तिच्याबरोबर गेले. खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट पाहिला, पदवी पाहिली, विवाहनोंदणी पाहिली. तिन्हींवरचं नाव बोट ठेवून ताडून पाहिलं, आणि शिक्का मारला.

"और कुछ चाहिए?" सुनेने विचारलं.

"नहीं," तो म्हणाला. "खलास."

मी फाइल उघडलीही नव्हती.