एका दुपारचं काम

अकोल्यात माझ्या साडभावाचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक जिनिंगवाले, कापसातली सरकी काढणारे. तिथं रुईचे तंतू कॉम्प्युटरच्या डब्यात शिरतात, पंखा गच्च होतो, कॉम्प्युटर तापून बंद पडतो. यानं एक बोर्ड बनवला. कॉम्प्युटर जरा रिकामा बसला, की पंखा उलटा फिरून पोटातली रुई बाहेर थुंकतो.

पेटंट ऑफिसनं अर्ज फेटाळला. उलटा फिरणारा पंखा एका जुन्या परदेशी पेटंटात होता, कॉम्प्युटर रिकामा आहे हे ओळखणारं सर्किट दुसऱ्यात. दोन्ही जोडणं कोणत्याही जाणकाराला सहज सुचलं असतं, असं त्यांचं म्हणणं. साडभाऊ हायकोर्टात अपिलात गेला. पेटंट मिळालं तर बोर्ड आम्ही बनवू, असं एक कंपनी म्हणत होती.

जाणकार साक्षीला हवा होता. मी अमरावतीला इंजिनिअरिंग कॉलेजात हार्डवेअर शिकवतो, घरचा, फुकटचा. 'माझ्यासारख्या सामान्य जाणकाराला ही जोडणी सुचली नसती,' असं प्रतिज्ञापत्र मी दिलं. खरंच होतं ते. आमच्या लॅबमध्ये आम्ही वर्षानुवर्षं डबा उघडून, डोळे मिटून, तोंडानं फुंकत आलो होतो.

सुनावणी व्हिडिओवर होती. वकिलाच्या ऑफिसात आम्ही तिघं एका पडद्यासमोर बसलो. वकील म्हणाला, "सर, विचारलंच तर फक्त नाही म्हणा." साडभाऊ नवा शर्ट घालून आला होता. "भाऊ, आता तुमच्यावरच हाये."

न्यायमूर्तींनी विचारलंच. "प्रोफेसर, इतकी वर्षं शिकवताय. तुम्हाला सुचलं असतं का हे?"

दोन अक्षरांचं उत्तर. पण पडद्यावर माझ्या नावामागं डॉक्टर झळकत होतं. दुकानदार साडूला सुचलं ते मला सुचलं नसतं, हे भर कोर्टात म्हणायचं? जीभ वळेना.

"मला ना? मला सुचलं असतं, माय लॉर्ड. एका दुपारचं काम आहे."

वकिलानं धावाधाव केली. "माय लॉर्ड, हे सामान्य नाहीत, फार असामान्य आहेत." यावर मी, गाढवानं, मान डोलावली. न्यायमूर्तींनी माझंच प्रतिज्ञापत्र वर धरलं. त्यात सामान्य म्हणून मीच सही केली होती.

जिन्यात साडभाऊ एवढंच म्हणाला, "काहून बोलले, भाऊ, असं?"

अपील फेटाळलं गेलं. निकालात माझं वाक्य जसंच्या तसं आहे. कंपनी आता त्याचा फोन उचलत नाही. बायको अकोल्याला जाऊ म्हणाली, की माझं पोट दुखतं.

यंदा उन्हाळ्यात माझा लॅबमधला कॉम्प्युटर सारखा बंद पडू लागला. लाज गुंडाळून ठेवून मी साडभावाला फोन केला. "तुझा एखादा बोर्ड पाठवतोस का रे?"

साडभाऊ म्हणाला, "बोर्ड कायले लागते, भाऊ? आज दुपार मोकळी हाये ना तुमची?"

मोकळीच होती. मी डबा उघडला, डोळे मिटले आणि फुंकलं.