दुसरी सही

धाकट्याने मामांच्या हाताखाली सहा वर्षं काढली, आणि तरी मामांच्या घरात खोल्या किती हे त्याला त्यांच्या शेवटच्या दुखण्यात कळलं. दोन. त्यांना मूलबाळ का नव्हतं, तरुणपणी ते काय करत होते, कुणावर कधी चिडत होते की नाही, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. ओळखीचे होते ते मामांचे हात. मनगटापासून कोपरापर्यंत वाफेने भाजल्याचे डाग, आणि नखं मात्र डॉक्टरांसारखी स्वच्छ.

इस्पितळात सगळे त्यांना मामाच म्हणत, आणि त्यांच्या कामाच्या खोलीत दोघंच असल्यामुळे दुसऱ्याचं नाव आपोआप धाकटा पडलं. वयाने तो काही लहान नव्हता. तिशी उलटलेली, घरी बायको, दोन मुली. खोली होती ऑपरेशनच्या दालनाच्या बरोबर खाली. ऑपरेशनला लागणारे कपडे, कापूस, पट्ट्या पत्र्याच्या गोल डब्यांत भरायच्या, डबे यंत्रात ठेवायचे आणि वाफेने त्यांतले जंतू मारायचे, एवढंच काम. डब्याच्या अंगाला भोकं असत आणि त्यांवर एक सरकतं कडं. वाफ देताना भोकं उघडी हवीत, काढल्यावर बंद. कडं सरकवायचं राहिलं तर वाफ आत शिरत नाही. बाहेरून मात्र कळायला मार्ग नाही. डबा तापतो, वर चिकटवलेली, वाफ लागली की रंग बदलणारी कागदी पट्टी काळी पडते, सगळं कसं नीट दिसतं. म्हणून मामा कपड्यांच्या मधोमध तशीच आणखी एक पट्टी ठेवत. तसा नियम नव्हता, कुणी सांगितलंही नव्हतं.

वहीत दोन सह्या असत. भरणाऱ्याची पहिली, तपासणाऱ्याची दुसरी. दुसरी मामांची.

"नुसतं बघू नकोस, भोकात बोट घाल," ते म्हणत. "आमच्या बायबलात एक शिष्य होता, प्रभूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वासच ठेवायचा नाही. लोक अजून त्याला नावं ठेवतात. पण या खोलीत तोच शहाणा."

धर्माबद्दल ते बोलत ते एवढंच. यंत्राचा काटा चढू लागला की डोळे मिटून उभे राहत. धाकट्याला पहिले काही महिने वाटलं, म्हातारा डुलकी काढतो. एकदा विचारलं तर म्हणाले, "ज्याच्या पोटावर हे कापड पडणार, तो आत्ता वर कुठेतरी घाबरून बसला असेल. म्हटलं, त्याची आठवण काढावी." लिफ्टवाला त्यांना पाद्रीबुवा म्हणायचा.

"काय पाद्रीबुवा, झाला का डब्यांचा बाप्तिस्मा?"

"झाला. तुझाच राहिलाय. पण तुझं नुसत्या पाण्यावर भागायचं नाही रे बाबा, तुला वाफच द्यावी लागेल."

धाकट्याने पहिल्याच वर्षी कात्र्याचिमट्यांनी भरलेला ट्रे जिन्यात पाडला होता. मामा आधी त्याच्याबरोबर खाली बसले, एकेक चिमटा वेचला, आणि मग खोलीचं दार लावून त्याला जे काय बोलायचं ते बोलले. चारचौघांत त्यांनी त्याची चूक कधी काढली नाही.

पुढे एका सकाळी धाकट्याला वरच्या कचेरीतून बोलावणं आलं. सहा वर्षं हंगामी राबल्यावर त्याला कायम करणार होते. पाचवा डबा कसाबसा भरून त्याने वही पुढे केली.

"मामा, सही करा. वर वाट बघतायत."

"कडं?"

"उघडलंय."

"बोट?"

"घातलं हो मामा!"

मामा हसले आणि त्यांनी सही केली. "पळ. बायकोला आधी कळव."

बोट त्याने घातलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तो डबा अर्धा रिकामा होऊन खाली आला. उरलेले कपडे काढताना मामांच्या हाताला आतली पट्टी लागली. जशी ठेवली होती तशी, पांढरी. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"फेकून द्या ना, मामा," धाकटा म्हणाला. म्हणून बसला, मग जीभ चावली.

"अरे, कुणाच्या तरी पोटावर हे कापड पडून गेलंय. डॉक्टरांना आत्ता कळलं तर निदान औषध बदलतील." मामांनी हात धुतले. "येतोस?"

"कायम केल्याचं पत्र अजून हातात नाही आलं, मामा. घरी दोन मुली आहेत."

मामांनी हात पुसले. "बरं. माझ्या सहीचं मी सांगतो. तुझ्या सहीचं तू सांग, जमेल तेव्हा."

त्यात टोमणा नव्हता. असता तर धाकट्याला बरं वाटलं असतं.

ते कापड ज्या बाईच्या पोटावर पडलं ती शिवणकाम करणारी होती. ताप तिला आदल्या दिवशीच चढला होता. औषध बदललं, पण नवव्या दिवशी ती गेली. त्या डब्यामुळेच गेली का, यावर डॉक्टरांचं एकमत झालं नाही. चौकशीत मामा म्हणाले, "तपासायचं काम माझं. न तपासता सही केली." पहिली सही कुणाची, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. हंगामी माणूस चुकणारच, म्हणून तर दुसरी सही असते, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या. निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना मामांना फाटक्या चादरींच्या कोठीत बसवलं. लिफ्टवाल्याने थट्टा बंद केली. तो आता त्यांच्याशी बोलतच नसे.

रविवारी चर्चमधून निघाले की मामा त्या बाईच्या घरी जात. तिसऱ्या खेपेला तिच्या नवऱ्याने दारातूनच सांगितलं, पुन्हा दिसलात तर तंगडं मोडीन. हे त्यांनी धाकट्याला जेवताना सांगितलं, कुणी वाटेतली हकीकत सांगावी तसं. धाकट्याने हातातला घास खाली ठेवला. मामांनी पाणी पुढे केलं आणि विचारलं, "मुली काय म्हणतात?"

त्यांनी त्याला त्या सहीबद्दल कधी विचारलं नाही. वाट बघत होते. वाट बघतायत हे धाकट्याला कळत होतं, म्हणून त्याने कोठीच्या बाजूने जाणंच सोडलं. वर्ष सरलं. मामा निरोपसमारंभाशिवाय मागच्या फाटकातून घरी गेले. दुसरी सही धाकट्याची झाली. नव्या माणसांना तो भोकात बोट घालायला शिकवी. का, ते सांगत नसे. "मामांचा खरा चेला," असं कुणी म्हटलं की त्याला वाटे, आपण पालथा घडा. त्या माणसाने सहा वर्षं ओतलं आणि थेंबभर आत गेलं नाही.

मामा अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा तो ठरवूनच निघाला. बसमध्ये वाक्यं मनाशी घोकली. मामी चहा ठेवून आत गेल्या. खाटेवर मामा मूठभर उरले होते.

"मामा, त्या दिवशीचं..."

मामांनी डोळे उघडले. मान थोडी वळवली आणि थांबले. घाई नव्हती, जाब नव्हता. धाकट्याने चहाचा कप उचलला.

"त्या दिवसांतलं ते यंत्र आता काढलं. नवं आलंय," तो म्हणाला.

मामांची नजर हळूहळू खिडकीकडे गेली. "बरं झालं. जुनं फार गळायचं."

चार दिवसांनी मामा गेले. दफनाला धाकटा शेवटच्या रांगेत उभा होता. मोठ्या सिस्टर शेजारीच होत्या. त्यांनाही त्याने काही सांगितलं नाही, आणि नंतर कुणालाच नाही.

त्या दिवशी खाटेपाशी आणखी बोलणं झालं ते एवढंच.

"सुट्टी टाकलीस?"

"नाही, पाळी बदलून घेतली."

"मग नीघ. तुझ्या जागी थांबलेला ताटकळला असेल बिचारा."

"येतो, मामा."

"ये. दार नुसतं ओढून घे. कडी मामी लावेल."