बुरनोचं गाऱ्हाणं

दाजी पालवांचा आवाज मालवणच्या एसटी स्टँडने एकतीस वर्षं ऐकला. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसून ते अगदी शुद्ध मराठीत गाड्या पुकारत. फोंडाघाटमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे, हे त्यांनी म्हटलं की शौचालयात गेलेला माणूससुद्धा धावत बाहेर येई. माईक बंद पडला म्हणून कुणाची गाडी चुकली असं कधी झालं नाही. संध्याकाळी खाडीकाठच्या आपल्या वाडीत आले की तोच आवाज मालवणीत उतरे आणि देवाच्या कामाला लागे, कारण दाजी गाऱ्हाणं घालत.

बाहेरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार वाटते. इकडे ते देवापुढे घालायचं असतं. कुणाची म्हैस हरवते, कुणाच्या मुलाला मुंबईत नोकरी लागत नाही, कुणी नवी मोटरसायकल घेतो. तो नारळ घेऊन येतो आणि दाजी त्याच्या वतीने देवाला सगळं नीट सांगतात. वाक्य संपवून ते थांबले की भोवतीचे पुरुष एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा.’ ज्याचं त्याला धड सांगता येत नाही ते दाजी तीन मिनिटांत मांडत. देवाने पुढे काय केलं हा देवाचा प्रश्न, पण आपलं कुणीतरी सरळ शब्दांत सांगितलं एवढ्यानेच माणसाचं अर्धं दुखणं कमी होई.

निवृत्त झाल्यावर दाजींच्या वाट्याला एक कुत्रा आला. त्यांचा मुलगा सुदेश याने घराला लागून दोन खोल्या काढून होमस्टे चालू केलेला, आणि सुदेशची मुलगी समीक्षा हिने मालवणच्या मासळीबाजारातून एक तांबूस पिल्लू पिशवीत घालून आणलेलं. तिने त्याचं नाव ब्रूनो ठेवलं. वाडीने ते दोन दिवसांत घोळवून बुरनो केलं. जूनमध्ये समीक्षा सावंतवाडीला कॉलेजात गेली, हॉस्टेलवर राहिली. निघताना तिने आजोबांकडून वचन घेतलं की नाताळच्या सुट्टीत ती येईपर्यंत बुरनोला ते रोज फिरवतील, आणि तिच्यासारखंच फिरवतील. दाजींनी हो म्हटलं, पण त्यातलं ‘फिरवतील’ तेवढं लक्षात ठेवलं.

झालं, दाजींनी कुत्र्याचं वेळापत्रक लावलं. सकाळी सात वाजता घरून निघायचं, सात वाजून आठ मिनिटांनी रस्त्याखालची मोरी, सव्वासातला परत. बुरनो विजेच्या खांबाशी थांबला की दोरीला हिसका आणि ‘चल रे, गाडी चुकात.’ वईला, म्हणजे कुंपणाला, नाक लावलं की हिसका. दुसरा कुत्रा दिसला की दोन हिसके. पंधरा मिनिटांत बुरनो दारात हजर, आणि दाजी समाधानाने चहाला बसत. आपण नातीचा शब्द पाळतो आहोत याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. इतकी वक्तशीर फेरी महामंडळालाही कधी जमली नव्हती.

दसरा झाला आणि फेरीला खीळ बसली. मोरीच्या अलीकडे, पालवांच्या जागेच्या हद्दीवर, राखणदाराचा दगड आहे. जागेची राखण करणाऱ्या त्या देवाला पालव वर्षाचा नारळ देतात. त्या वळणावर येताच बुरनो चारही पाय रोवून उभा राही आणि मोठी जांभई देई. आळशी मेलो, म्हणून दाजी ओढत. मग तो घरीही बिघडला. जेवण ताटलीत तसंच राही, दाजींच्या चपलेचा मात्र अंगठा त्याने खाल्ला. आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याने पाहुण्यावर दात टाकले. सांगलीहून आलेल्या त्या गृहस्थाने खाडीचा फोटो काढायला घरापुढच्या खळ्यातून ड्रोन उडवला होता. माडाला बांधलेल्या बुरनोने त्यांच्या पॅन्टचा पाय धरला. रक्त आलं नाही, पण पॅन्ट गेली, आणि होमस्टेचं नावही जाण्याची वेळ आली.

सुदेश काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने रात्रंदिवस खपून त्या दोन खोल्या उभ्या केल्या होत्या, आणि चावरा कुत्रा आहे असं कुणी मोबाइलवर लिहिलं की हंगाम बुडाला हे त्याला कळत होतं. फोंडाघाटच्या एका बागायतदाराला काजूच्या बागेत राखणीला कुत्रा हवा होता, साखळीवर ठेवायला. सुदेशने त्याला शब्द दिला. रविवारी सकाळी टेम्पो येणार होता.

 नातीला काय सांगायचं हेच दाजींना सुचेना. शेजारच्या रुक्मिणीकाकीचं म्हणणं पडलं की कुत्र्याला माणसाला दिसत नाही ते दिसतं, राखणदार कोपलेला आहे, त्याला नारळ द्या. दाजींना ते पटलं. कामच त्यांच्या ओळखीचं निघालं. गुरुवारी सकाळी ते नारळ आणि बुरनो घेऊन दगडाशी गेले. बाबली तिथेच काजूच्या सावलीत गवत कापायचं मशीन उशाला घेऊन विडी ओढत पडला होता. तो हद्दीपलीकडच्या आंब्याच्या कलमांतलं गवत काढत असे. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला माणूस लागतोच, म्हणून दाजींनी त्यालाही उभं केलं.

सुरुवात झोकात झाली. देवाला हाक मारून झाली, घराण्याचं नाव सांगून झालं. मग दाजी म्हणाले, ‘ह्या मुक्या जनावराक आज जा काय...’ आणि थांबले. पुढे दुखणं सांगायचं असतं. हरवलेली म्हैस, अडलेली नोकरी, काहीतरी. बुरनोला नेमकं काय झालं आहे? दाजी त्याच्याबरोबर पाच महिने रोज चालले होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. बाबलीने सवयीने अर्ध्याच वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा दाजींचं गाऱ्हाणं मध्येच अडकलं, आणि ते शरमून चिऱ्यांच्या गडग्यावर जाऊन बसले.

हातातली दोरी सैल पडली. बाबली पुन्हा सावलीत आडवा झाला. ओढणारं कुणी नाही हे बुरनोला उमगायला थोडा वेळ लागला. मग त्याने एक खांब हुंगला, अगदी सावकाश, खालून वर. मग वई हुंगली, मग शेणाचा एक पो, मग पुन्हा तोच खांब. दाजी बघत राहिले. त्यांच्या खिडकीवर एकतीस वर्षं माणसं येऊन कुठली गाडी आली, कुठली गेली, कोण उतरलं असं विचारत, आणि दाजींनी कधी कुणाला हाकललं नव्हतं. बुरनोही दर खांबाला तेच विचारत होता. त्याला मात्र ते रोज हाकलत होते.

विडी संपल्यावर बाबलीने मशीन चालू केलं. त्याचा किर्रर्र आवाज उठताच बुरनोने जांभई दिली. ओठ चाटले, एक पुढचा पाय उचलून धरला, शेपूट पोटाखाली घेतलं आणि दाजींच्या पायांमागे येऊन दडला. दाजींनी हाताने खूण करून मशीन बंद करायला लावलं. आवाज थांबल्यावर बुरनोने सर्वांग झाडलं, जसं काही भिजलाच होता. कोरडा कुत्रा अंग का झाडतो, हे दाजींना तेव्हा कळलं. आणि जांभईचंही कळलं. तो आळस नव्हता, भय होतं.

बाबलीला मग आठवलं. दसऱ्यानंतर दाजी इथेच उभे राहून त्याच्याशी सोसायटीच्या निवडणुकीबद्दल बोलत होते. मशीनच्या पात्याखालून एक दगड उडून कुत्र्याला लागला, तो कळवळला, पळायला बघू लागला, आणि दाजींनी दोरी आवळून त्याला ‘गप’ म्हणून दटावलं आणि निवडणूक पुढे चालू केली. दाजींनी बुरनोच्या मांडीवरून हात फिरवला. केसांखाली चिंचोक्याएवढा वण लागला. मशीनचा आवाज आणि ड्रोनचा आवाज एकाच जातीचा आहे हे त्यांना आता कुणी सांगायची गरज नव्हती. ड्रोन उडाला तेव्हाही तो बांधलेलाच होता. दाजींना इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी सव्वासात कधी वाजले ते त्यांनी पाहिलंही नाही.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. यशोदा चुलीपाशी नारळ खवत होती. ती मान वर न करता ऐकत राहिली.

‘सगळ्या गावाचा गाऱ्हाणा घातलात,’ ती म्हणाली. ‘घरातल्याचा कधी आयकलात? सुदेशाचो हातपण तुमी असोच धरलेलो.’

दाजींना ती जत्रा आठवली. सुदेश सात वर्षांचा होता. दशावतारातला राक्षस बघून तो रडायला लागला, आणि भय मोडावं म्हणून दाजींनी त्याचं मनगट घट्ट धरून त्याला पहिल्या रांगेत बसवून ठेवलं. पोराचं भय मोडलं नाही. तो पुढे जत्रेला यायचाच बंद झाला, आणि दाजींना वाटलं होतं की त्याला नाटकाची आवड नाही.

शुक्रवार, शनिवार दाजी दोरी सैल सोडून फिरले. बुरनो थांबेल तिथे थांबले, तो वाट बदलेल तिथे वळले. बाबलीने आपणहून त्या वेळेला मशीन बंद ठेवलं. आठ मिनिटांची मोरी पाऊण तासावर गेली आणि शनिवारी संध्याकाळी बुरनोने ताटली चाटूनपुसून साफ केली. दाजींनी सुदेशला हे सांगून बघितलं. सुदेशने ऐकून घेतलं, पण शब्द दिलेला होता आणि टेम्पो निघणार होता. ‘पावण्यांका मी तेची जांभई समजावत बसू काय?’ एवढंच तो म्हणाला, आणि त्याचंही काही चुकीचं नव्हतं.

रविवारी टेम्पो आला तेव्हा दाजी आणि बुरनो घरात नव्हते. सुदेश ड्रायव्हरला घेऊन वळणावर गेला. दाजी राखणदारापुढे नारळ ठेवून अनवाणी उभे होते, बाजूला बाबली. यशोदा पदर खोचून गडग्याशी. बुरनो दोरीशिवाय दाजींच्या पायाशी बसलेला. सुदेश काही बोलणार तेवढ्यात दाजींनी हात जोडले आणि फलाट क्रमांक तीनवरचा तो आवाज लागला. गाऱ्हाणं सुरू झालं की मध्ये बोलायचं नसतं, हे सुदेशला लहानपणापासून ठाऊक होतं.

‘बा देवा राखणदारा म्हाराजा. आज ह्यो बुरनो तुज्या पायाकडे इलो हा. तेका तोंड नाय, म्हणून आज तेणी माजा तोंड घेतल्यान हा. तेका दगड लागलो तेवा तेची दोरी माज्या हातात होती. तेका पळाक गावला नाय, कित्याक तर मी धरून ठेवलंय. तरीपण तो रोज माज्याच वांगडा चललो.’

दाजी थांबले. बाबली म्हणाला, ‘व्हय म्हाराजा.’

‘पावण्याची पॅन्ट तेणी धरल्यान, ता खरा. पण तेच्या आदी जांभई दिल्यान, तोंड फिरवल्यान, आंग चोरल्यान. माका भय वाटता, माका सोडा, म्हणान सांगल्यान. आमी कोणी आयकाक नाय. तेचो एक गुन्हो आसात तर आमचे चार आसत. आणि देवा, हातातलो हात भियाता की नाय, ता माका आदीपण कळूक नाय. माज्या झिलाचो, सुदेशाचोपण कळूक नाय. ता माजा पोटात घाल, आणि ह्या मुक्याक ह्याच दारात ऱ्हवांदे, म्हाराजा.’

आवाज शेवटी चिरकला. दाजी थांबले, आणि या वेळी बाबली गप्प राहिला. हे घरातलं झालं आहे हे त्याला कळलं होतं. टेम्पोवाला खाली बघत होता. गाऱ्हाण्याला बायका कधी साद देत नाहीत. चाळीस वर्षांत यशोदेनेही दिली नव्हती.

‘व्हय म्हाराजा,’ यशोदा म्हणाली.

मग सुदेशच्या तोंडून, त्याने ठरवायच्या आतच, तेच दोन शब्द हळू आवाजात बाहेर आले. देवापुढे म्हटलेलं मागे घेता येत नाही. त्याने बागायतदाराला तिथूनच फोन लावला.

दाजींनी नारळ फोडून सगळ्यांना तुकडे वाटले. टेम्पोवाला आपला तुकडा खात रिकाम्या गाडीने गेला. सुदेशने आपला तुकडा वाकून बुरनोच्या तोंडापुढे धरला. बुरनोने तोंड बाजूला फिरवलं आणि जांभई दिली. सुदेशने हात आवरून घेतला, तुकडा जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला. कुणी कुणाला घाई केली नाही. थोड्या वेळाने बुरनो उठला, तुकडा नीट हुंगला, आणि सुदेशकडे बघत बघत त्याने तो खाल्ला.