दोघांनी धरून ठेवलेलं मशीन

अकोल्याच्या आमच्या साडभाऊंइतका, लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंवर जीव लावणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात किंवा शेतात. हे कॉम्प्युटरात गेले. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली, कोणीही उघडून पाहावी आणि फुकट वापरावी अशी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर ती चालती करायची, हा त्यांचा उद्योग. त्याला ते ‘पोर्ट करणे’ म्हणतात आणि मेहुणीबाई ‘पसारा करणे’ म्हणतात.

मशीन निवडताना मात्र ते सोयरीक जुळवल्यासारखे चिकित्सक. स्वस्त पाहिजे, एका पेचकसाने उघडलं पाहिजे, सुटे भाग जुन्या बाजारात मिळाले पाहिजेत. माझ्या पुतण्यासाठी आम्ही दर्यापूरला मुलगी पाहायला गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन आली, तेव्हा साडभाऊंनी दिवाणावरचा एक जाडजूड काळा लॅपटॉप उलटा केला होता आणि चष्मा कपाळावर चढवून ते त्याच्या पोटावरचं लेबल वाचत होते. मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की हा देण्याघेण्यात धरायचा आहे काय. मी लाजेने अर्धा झालो. पण लग्न जमलं, आणि नंतर त्या भल्या गृहस्थांनी तो लॅपटॉप आपणहून अकोल्याला पाठवला. तसाही तो बंदच पडला होता.

नेमकं तेच मॉडेल आणखी एका माणसाने निवडलं होतं. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो अशा कुठल्याशा लांबच्या देशातला तो एक म्हातारा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. सगळा व्यवहार मोडक्यातोडक्या इंग्रजीत, लिहून. याने पडदा चालता केला, त्याने वायफाय. अकोल्याच्या उन्हाळ्यात साडभाऊ कूलरचं तोंड स्वतःकडून मशीनकडे वळवायचे आणि घाम पुसत त्याला तिथल्या बर्फाची खुशाली विचारायचे. मेहुणीबाईसुद्धा जेवताना विचारायच्या, “तुमच्या दोस्ताचा गुडघा कसा हाय आता?” फक्त आवाज तेवढा चालू होत नव्हता. तो झाला की याच मशीनवरून एकमेकांशी बोलायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

मग त्या म्हाताऱ्याने लिहिलं, की ऑपरेशनसाठी दवाखान्यात चाललोय, आलो की पुढचं पाहू. त्यानंतर त्याचं काही आलं नाही.

आवाज चालू झाला तेव्हा मी अमरावतीहून आलेलो होतो. दुपारची वेळ. मशीनमधून घंटेसारखा एक बारीक सूर निघाला. मेहुणीबाई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. मला वाटलं, साडभाऊ आता गल्लीत पेढे वाटतील. त्यांनी त्या म्हाताऱ्याला एका ओळीचा निरोप टाइप केला, पाठवला आणि गच्चीवर जाऊन उभे राहिले. बराच वेळ खाली आले नाहीत.

पुढे त्या सिस्टीमच्या मंडळींनी फार अदबीने कळवलं, की हे मॉडेल आता तुमच्याशिवाय कोणी वापरत नाही, पुढच्या आवृत्तीतून ते वगळायचा विचार आहे. तुम्ही जरा नवं, पण स्वस्तच, एखादं निवडा. मलाही ते पटलं. मी म्हटलं, भाऊ, घ्या ना दुसरं, बाजार भरला आहे.

ते पेचकस पुसत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “त्याच्यापाशी हेच मशीन हाय. कवातरी चालू करीन तो. अन् चालूच झालं नाही, त त्याले वाटीन, ह्यानं सोडून देलं.”

“भाऊ, तो आता…” मी सुरुवात केली.

“मले समजते,” ते शांतपणे म्हणाले.

नवी आवृत्ती निघाली की ते अजून ती त्या मशीनवर चढवून पाहतात, आवाजासकट. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा तेच चाललं होतं. जुनं मशीन, फार वेळ घेतं. मी खुर्ची ओढली, मेहुणीबाईंनी चहा आणून ठेवला, आणि आम्ही तिघंही पडद्याकडे पाहत बसलो.