चार हातांची पाहुणी

संग्रहालयाच्या तळघरात प्लास्टरच्या मूर्ती ओतणारा एक साचेवाला होता. माणूस कायम इतका पांढराफटक, की आंघोळ करून आला की बायको क्षणभर त्याला पाहुणाच समजायची. देव घडवण्यात त्याचा जन्म गेला, पण कुठला देव कुठला, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचा घोळ टळला असता, आणि आपली करमणूकही.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी जुन्या साच्यातली एक मूर्ती नाकाचा टवका उडाल्यामुळे बाद झाली. शेजारी सिंह घेऊन बसलेली बाई. टाकून देववेना, म्हणून त्यानं ती घरी आणली. बायकोनं सिंह पाहिला आणि हात जोडले. मग म्हणाली, "अहो, पण हात दोनच कसे?" त्यालाही ते अपुरं वाटलं. तळघरात उरल्यासुरल्या अवयवांचं एक खोकं होतं. त्यातले दोन बरे हात निवडून त्यानं तिच्या खांद्यांमागे चिकटवले, नाक लिंपलं, रंग दिला. देवी देवघरात बसली. तेव्हापासून घरातलं सगळं बरंवाईट तिच्या कानावर जायचं. आता तर लेकीचे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी बाळंतपण अवघड जाईल म्हणून बजावलं होतं, आणि बायको देवघरापुढून हलत नव्हती.

नेमक्या त्याच वेळी संग्रहालयात नव्या अधिकारी बाई आल्या. त्यांनी तोच साचा पुढे ठेवून प्रती मागितल्या. ही पार पश्चिमेकडची प्राचीन देवी, म्हणाल्या; हिला पुजणारं आता कोणी उरलेलं नाही. साचेवाल्याचं कालवलेलं प्लास्टर बादलीतच घट्ट झालं.

"बाई, सिंह आहे की. आपल्या देवीचं हिच्याशी काही नातं असेल ना?"

"असेलही, नसेलही," बाई म्हणाल्या. व्यापाऱ्यांबरोबर देवही हिंडले असं काही पंडित म्हणतात. सिंह बघितला की कोणालाही त्याच्यावर देवी बसवावीशी वाटते, असं दुसरे म्हणतात. आपल्या देवांचं नातं पक्कं आहे ते अग्नी पुजणाऱ्या जुन्या इराणी लोकांशी, पण तिथं आपले देव ते त्यांचे राक्षस. म्हणजे नातं पक्कं तिथं भांडण, आणि भांडण नाही तिथं नात्याचा पत्ता नाही. एवढं मात्र साचेवाल्याला पटलं. त्याच्या भावकीत वेगळं काय होतं?

बाकी डोक्याचा पार भुगा झाला. वाटभर तो हिशेब लावत होता. चेहरा तिकडचा, सिंह कोणाचा माहीत नाही, मागचे हात आपल्यातले. मग बायकोचं गाऱ्हाणं इतकी वर्षं नेमकं पोचलं कुठं? सांगावं, तर ऐन वेळी तिचा धीर सुटायचा. न सांगावं, आणि लेकीचं काही बरंवाईट झालं, तर जन्मभर आपल्यालाच खात राहायचं.

शेवटी घास हातात धरून त्यानं सगळं सांगितलं. बायकोनं ऐकून घेतलं, त्याच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "मी तरी कुठं या घरात जन्मले? नांदले ना? तीही नांदली. आणि तिचं तिकडं कोणी उरलं नाही म्हणता, मग तिला आता बाहेर कशी काढू?"

साचेवाल्याचा जीव भांड्यात पडला. पण तो हात धुऊन येतो तो काय, बायको देवीपुढे बसून नेहमीचंच मागणं घालत होती. फक्त मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, आपली भाषा न येणाऱ्या नव्या शेजारणीशी बोलावं तसं. 'लेक' म्हणताना तिनं भिंतीवरच्या पोरीच्या फोटोकडे बोट दाखवलं. मग दोन्ही हातांनी पोटाचा गोल आकार केला आणि देवीला समजलं का, म्हणून नवऱ्याकडे पाहिलं.

हसावं की हात जोडावेत, हे त्याला कळेना. त्यानं आपली मान डोलावली. डोलावल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण देवीच्या वतीनं हो म्हणून बसलो आहोत.